हायपोत न घातलेला फोटो

नगरच्या कापडबाजाराच्या मागं आमच्या तिसगावकडचा एक माणूस केस कापायचा. एकदा माझ्या गळ्याभोवती फडकं गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, की तू दिवसेंदिवस तुझ्या बापासारखा दिसायला लागलास. मी समोरच्या आरशात बघितलं. माझाच चेहरा होता, वाळलेला, दाढीचे खुंट वाढलेला. तो अब्बांसारखा आहे की नाही हे मला ठरवता येईना, कारण अब्बांचा चेहराच मला आठवेना. हात आठवत होते. खोकला आठवत होता. खांद्यावरचं मळकं उपरणं, चपलेचा तुटलेला अंगठा, सगळं जागच्या जागी होतं. चेहऱ्याच्या जागी काहीच नव्हतं. त्यांना जाऊन तेव्हा जेमतेम तीन वर्षं झाली होती.

केस कापून होईपर्यंत मी डोळे मिटून बसलो. त्याला वाटलं, झोप लागली.

मी तेव्हा फोटोच्या दुकानात काम शिकत होतो. दिवसभर लोकांचे चेहरे पाण्यात धुवायचे आणि दोरीला चिमट्यांनी वाळत घालायचे, हा माझा धंदा. असल्या माणसाला बापाचा चेहरा आठवू नये याची मला लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त भीती वाटली. अब्बांचा फोटो कुठंच नव्हता. अम्मा तिसगावला एकटी राहत होती. तिचाही फोटो नव्हता. उद्या तीही गेली, तर आणखी तीन वर्षांनी तिचीही अशीच नुसती चप्पल आणि पदर उरणार. त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच गोष्ट बसली: अम्माचा एक फोटो पाहिजे.

अब्बा पिंजारी होते. पिंजण खांद्याला लावून तिसगाव, पाथर्डी, पार नगरपर्यंत हिंडायचे आणि लोकांच्या गाद्या-उशांतला दडपलेला कापूस पिंजून पुन्हा फुलवून द्यायचे. पिंजणाच्या धनुष्याला ताणून बांधलेल्या तातीवर लाकडी मुठीचा ठोका पडला की एक आवाज निघतो. तो ऐकू येतो त्याच्यापेक्षा छातीत जास्त लागतो. मी त्या आवाजात लहानाचा मोठा झालो. कापसाचे तंतू आयुष्यभर छातीत जाऊन शेवटी त्यांना खोकल्यानं धरलं. ते गेले तेव्हा मी मिरजगावला एका व्यापाऱ्याकडे कापूस तोलायला होतो. निरोप पोचून मी घरी येईपर्यंत माती देऊन झाली होती. मातीवर शिंपडलेलं पाणी अजून वाळलं नव्हतं, इतकाच उशीर.

नगरला एका फोटोवाल्यांच्या घरच्या गाद्या दर वर्षी अब्बाच पिंजायचे. हे फोटोवाले आधी शाळेत चित्रकला शिकवायचे, म्हणून सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं. बायको गेलेली, मूलबाळ नाही, बोलणं मोजकं. अब्बा गेल्याचं कळल्यावर त्यांचं कार्ड आलं. त्यात दुःख वगैरे काही नव्हतं. हाताला माणूस हवा आहे, शिकायची तयारी असेल तर ये, एवढंच. मी बावीस वर्षांचा होतो. मिरजगावच्या तराजूला कंटाळलो होतो. गेलो.

पहिल्याच दिवशी मास्तरांनी मला मागच्या अंधाऱ्या खोलीत नेऊन स्टुलावर बसवलं, बाहेरून दार लावलं आणि ते जेवायला निघून गेले. काही सांगितलं नाही, काही विचारलं नाही. खिडकीला घोंगडी ठोकलेली, दाराच्या फटीत चिंध्या कोंबलेल्या. कंदीलसुद्धा नव्हता. तासाभरानं येऊन त्यांनी दार उघडलं आणि विचारलं, काय काय होतं खोलीत? मी म्हणालो, काही दिसलं नाही. ते म्हणाले, दिसलं का असं नाही विचारलं. आणि पुन्हा दार लावलं. मला असा राग आला की उठून सरळ मिरजगाव गाठावं. पण दार लावलेलं होतं, तेव्हा राग तिथंच गिळावा लागला. दुसऱ्या तासाला मी उठून चाचपडायला लागलो. डावीकडे रांजण, त्यावर लाकडी झाकण. समोर फळी, फळीवर एनॅमलच्या तीन ट्रे, पहिल्या ट्रेचा कोपरा ठेचलेला. उजवीकडे बाटल्या, एका बाटलीला बुचाऐवजी कापडाचा बोळा. मास्तर आल्यावर मी हे सगळं सांगितलं. त्यांनी मान हलवली. त्यांच्याकडून त्याहून जास्त कौतुक मला पुढं कधी मिळालं नाही.

तीन ट्रेंचं शास्त्र साधं होतं. पहिल्यात डेव्हलपर, दुसऱ्यात साधं पाणी, तिसऱ्यात हायपो. निगेटिव्हखाली कागद दाबून त्याला मोजका उजेड दाखवायचा, मग लाल काचेच्या कंदिलाच्या उजेडात तो कोरा कागद पहिल्या ट्रेत टाकायचा. डेव्हलपर चेहरा वर आणतो. हायपो तो पक्का करतो. हायपोतून निघालेला कागद उन्हात धरा, भिंतीवर लावा, नातवंडांना दाखवा, काही होत नाही. कागदाची मसाल्याची, म्हणजे चित्र उठतं ती, बाजू कुठली हे अंधारात ओळखायला कोपरा ओल्या ओठाला लावायचा. चिकटला तर ती बाजू. त्या काळात माझ्या ओठांना कायम औषधाची चव असायची आणि नखं तपकिरी झाली होती. खाणावळीतले लोक समजायचे, तंबाखू मळतो.

अंधारात घड्याळ दिसत नसे, म्हणून मास्तर काहीतरी पुटपुटून वेळ मोजायचे. मला त्यांच्या पुटपुटण्यातलं काही यायचं नाही. मी पिंजणाचे ठोके मोजायला लागलो. अब्बा ज्या लयीत ठोका मारायचे ती लय माझ्या अंगात मुरलेली होती, मिनिटाला चाळीस, एक कमी नाही की जास्त नाही. मी मनातल्या मनात ते ठोके ऐकायचो आणि चाळिसाव्या ठोक्याला कागद उचलायचो. मास्तरांनी एकदा खिशातलं घड्याळ कानाला लावून तपासलं आणि पुन्हा कधी तपासलं नाही.

सुरुवातीला मी एक मोठी चूक केली. राहात्याहून एक जोडपं आलं होतं. नवरा पलटणीत, चार दिवसांनी आगबोटीनं जायचा होता. लढाई चालू होती तेव्हा असे पुष्कळ यायचे. पहिल्या ट्रेत त्या दोघांचे चेहरे इतके झकास उठले, की ते मास्तरांना दाखवायच्या घाईत मी हायपो विसरलो आणि कागद चिमट्यात धरून दार उघडून तसाच बाहेर उन्हात आलो. माझ्या डोळ्यांदेखत ती दोघं काळी व्हायला लागली. आधी बायकोचं लुगडं, मग तिचे हात, मग दोघांचे चेहरे. वीस आकडे मोजायच्या आत कागदावर कोणी नव्हतं. मास्तर ओरडले नाहीत. निगेटिव्ह शाबूत होतं, त्यांनी माझ्याकडून दुसरा फोटो छापून घेतला. पण तो काळा कागद वाळवून त्यांनी अंधाऱ्या खोलीच्या दारावर आतून खिळ्यानं ठोकला. म्हणाले, "उजेडात न्यायचा तर आधी हायपो. रोज बघत जा."

मी रोज बघत होतो. बघायला दुसरं होतं काय? नगरमध्ये माझं कोणी नव्हतं. दुकान, खोली, खाणावळ आणि जुम्म्याला मशीद. कित्येक दिवस मी सकाळी "मास्तर, आलो" आणि संध्याकाळी "मास्तर, जातो" याच्यापलीकडे तोंड उघडायचो नाही. आणि दिवसभर मात्र चेहऱ्यांत असायचो. कोणाच्या गालावर देवीचे वण आहेत, कोण दात दिसू नयेत म्हणून ओठ घट्ट धरतं, कोणाचा एक डोळा बारीक आहे, हे मला त्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त ठाऊक. एकदा बाजारात एक बाई समोरून आली. तिचा चेहरा मी आदल्या दिवशी सहा वेळा धुतला होता. ओळखीचं माणूस दिसावं तसा मी हसलो. तिनं पदर ओढला आणि अशा नजरेनं बघितलं, की मी तीन दुकानं पलीकडे जाऊन उगाच मिठाचा भाव विचारत उभा राहिलो. ती सगळी माणसं माझ्या ओळखीची होती. मी त्यांच्यापैकी कोणाच्याच ओळखीचा नव्हतो.

त्यातच केस कापताना ती अब्बांची गोष्ट झाली, आणि पुढच्याच आठवड्यात मी तिसगावला गेलो. तेव्हा पेट्रोल मिळत नव्हतं, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. करंजीच्या घाटात आम्ही सगळे उतरून गाडी ढकलत होतो आणि माझ्या मनात अम्माला काय सांगायचं याची जुळवाजुळव चालली होती.

घरी आम्ही आमची दखनी बोलायचो. पण अम्मा तिसगावच्या बाजारात वाढलेली. रागावली किंवा काही पक्कं सांगायचं असलं की ती मराठीवर यायची. मी फोटोचं काढल्याबरोबर ती मराठीवर आली, तेव्हाच मी ओळखलं की काम अवघड आहे. ती म्हणाली, आमच्यात कोनी काडला न्हाई. भिंतीवर तसबिरी लावायची आमच्या घराची रीत नव्हती हे खरं, पण मी म्हणालो, भिंतीवर कोण लावतंय, पेटीत ठेवीन. ती म्हणाली, तुझ्या बापाची न्हाई ऱ्हायली, माझी कशाला? एवढं बोलून ती चुलीकडे वळली. अब्बांचा चेहरा मला आठवत नाही, हे मला तिला सांगता आलं नाही. कोणत्या तोंडानं सांगायचं? मी रुसलो. चोवीस-पंचवीस वर्षांचा बाप्या माणूस आईवर रुसून न जेवता नगरला परत आला. घाटात पुन्हा गाडी ढकलली, आणि या वेळी उपाशीपोटी.

पुढं थंडीत एका बारशाचे फोटो घ्यायला मास्तरांनी मला त्यांचा डबा कॅमेरा देऊन पाथर्डीला पाठवलं. रोल मिळायची मारामार होती, आठातले सहा फोटो बारशाला घ्यायचे ठरलं. उरलेल्या दोनांबद्दल मास्तर काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, वाटेवर तिसगाव आहे ना? त्यांना सगळं कळत होतं. मीच त्यांना मुका समजत होतो.

बारसं उरकून मी तिसगावला पोचलो तेव्हा अम्मा अंगणात उन्हाला बसून गादी शिवत होती. अब्बा गेल्यापासून ती उरलेल्या कापसाच्या लहान गाद्या करून द्यायची. लांब सुई दोन्ही हातांनी ओढायची आणि दर टाक्याला दोरा दातांत धरायची. मी दारात उभा राहिलो. डबा कॅमेरा पोटाशी धरायचा असतो आणि वरच्या इवल्याशा काचेत मान खाली घालून बघायचं असतं. भर उन्हात त्या काचेत काही धड दिसत नाही. एक पांढरट ठिपका म्हणजे गादी, त्यामागचा काळपट ठिपका म्हणजे अम्मा, एवढाच अंदाज. मी श्वास रोखून खटका दाबला. टक् असा बारीक आवाज झाला. मान वर केली तर ती खाली बघून टाके घालत होती. तिला कळलं नाही असं समजून मी कॅमेरा पिशवीत टाकला आणि आवाज देत आत गेलो. त्या दिवशी तिनं बाजरीची भाकर केली, वर घरचं लोणी घातलं. मी मान खाली घालून जेवलो. चोरी मी याआधी कधी केली नव्हती.

नगरला येऊन मी तो रोल एकट्यानं धुतला. लाल उजेडात रोलची दोन टोकं दोन हातांत धरून झोका दिल्यासारखा तो ट्रेतून खालीवर ओढायचा असतो. सहा फोटोंत बारसं आलं. सातव्यात अम्मा आली. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं, पांढरं ते काळं, काळं ते पांढरं. कपाळावरचे तिचे पिकलेले केस काळेभोर झाले होते आणि ती तरुण दिसत होती. मी फिल्म कंदिलाजवळ नेली आणि माझे हात थांबले. ती गादीकडे बघत नव्हती. दोरा दातांत तसाच होता, पण डोळे सरळ माझ्याकडे होते. मी खाली काचेत डोळे फोडत होतो तेवढ्या क्षणात तिनं मान वर करून बघितलं होतं, आणि मी वर बघायच्या आत पुन्हा खाली घातली होती. तिला ठाऊक होतं.

आता हा फोटो छापायचा कसा? तिला कळलं नसतं तर चोरी पचवली असती. तिला कळलं होतं आणि तरी ती गप्प राहिली, लोणी वाढलं. मी ते निगेटिव्ह पाकिटात घालून फळीच्या मागं ठेवलं. दोन महिने हात लावला नाही. रोज सकाळी दार लावलं की आधी डोळे त्या फळीकडे जायचे. जिच्यासाठी एवढा जीव टाकला ती गोष्ट दोन हातांवर होती आणि मी तिला भीत होतो.

उन्हाळ्याच्या तोंडाला अम्मालाही छातीचा त्रास सुरू झाला. शेजारच्या मावशी तिला घेऊन नगरला दवाखान्यात आल्या. डॉक्टरांनी औषध दिलं. परतीच्या मोटारीला वेळ होता, म्हणून दोघी भर दुपारी दुकानात आल्या. मास्तरांनी पाणी दिलं. मावशी पडवीत आडव्या झाल्या. अम्मानं दुकानातल्या भिंतीवरचे लोकांचे फोटो एकेक करून बघितले आणि मग हळूच मला विचारलं, "तू घेतलास न्हवं माझा?"

मी मान हलवली.

"मंग दाव की."

छापलाच नाही, हे मी सांगितलं. तिचा विश्वास बसला नाही. मास्तर ऐकत होते. त्यांनी छत्री उचलली आणि पोस्टात जाऊन येतो म्हणाले. पोस्ट त्या वेळी बंद असतं हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

मी अम्माला अंधाऱ्या खोलीत नेलं. स्टुलावर बसवलं, त्याच स्टुलावर जिथं मी पहिल्या दिवशी बसलो होतो. दार लावलं, तीन ट्रे भरल्या. उकाड्यात औषध तापतं म्हणून ट्रेखाली गार पाण्याची फडकी घातली. फळीमागचं पाकीट काढलं. चौकटीत निगेटिव्ह, त्याखाली कागद. कंदिलाची लाल काच बाजूला करून दहा ठोके उजेड, पुन्हा लाल काच. मग कोरा कागद मी पहिल्या ट्रेत सोडला आणि ट्रे हलवायला लागलो. अम्मा उठून माझ्या खांद्याशी उभी राहिली. तिच्या श्वासाची घरघर ऐकू येत होती.

आधी दोरा धरलेले ओठ आले. मग पदराची कड, मग डोळे. ती इतकी वाकली की तिचं नाक औषधाला लागेल असं मला वाटलं.

"ही तर माझी आई हाय," ती म्हणाली. "व्हय, बग. म्हातारपनी अशीच दिसायची. मला वाटलं हुतं, मी इसरले तिला."

माझे ठोके चालू होते. तीस झाले, एकतीस झाले. मी चिमटा उचलला. तिनं विचारलं, आता कुठं घालतोस? मी तिसरी ट्रे दाखवली. यात घातलं की कायम राहतं.

"आन न्हाई घातलं तर?"

मला खोटं बोलता आलं असतं. त्या तिन्ही ट्रेंत तिला सारखंच पाणी दिसत होतं. पण दारावर तो काळा कागद ठोकलेला होता, राहात्याच्या जोडप्याचा, आणि तिनं माझी नजर कुठं गेली ते बघितलं. मी म्हणालो, नाही घातलं तर उजेडात काळं होऊन जातं.

"मंग नगं घालूस."

मी भांडलो. ट्रे हलवत हलवत भांडलो. एवढा चांगला उठलाय, कोणाला दाखवणार नाही, पेटीत ठेवीन, शपथ घेतो. ती ऐकून घेत होती. मग म्हणाली, "तुझा बाप मला रोज एगळा आठवतो. कवा खोकताना, कवा हसताना, कवा भांडताना. फोटू असता तर येकच ऱ्हायला असता."

तेव्हा माझ्याच्यानं राहवलं नाही. इतके दिवस जे गिळलं होतं ते बाहेर पडलं. मी म्हणालो, "अम्मा, मला एकही आठवत नाही. अब्बांचा चेहराच गेला माझ्या डोक्यातून."

लाल उजेडात तिचा चेहरा नीट दिसत नव्हता. चाळिसावा ठोका केव्हाच होऊन गेला होता. मग तिनं माझा हात धरला, चिमट्यासकट, आणि सांगायला लागली. डावी भिवई अर्धीच होती, तात तुटून लागली तवा गेली ती परत आलीच न्हाई. नाक लांब, शेंड्याला जरा वाकडं. ठोका मारताना मान डावीकडं कलायची, तात काय बोलती ते ऐकत असल्यागत. आणि पापण्या कायम पांढऱ्या, कापसाच्या. "लगीन झालं तवा मला वाटलं, मानूस म्हातारा हाय. तोंड धुऊन आला तर पोरगं निगालं." ती हसली आणि हसता हसता खोकली. मी तिची पाठ चोळली. पांढऱ्या पापण्या! त्या पापण्यांपासून अब्बा परत यायला लागले. भिवई आली, नाक आलं, कलती मान आली. समोरच्या भिंतीवर घोंगडीचा अंधार होता आणि मला त्यात ते स्वच्छ दिसत होते. मी रडत होतो हे मला मागाहून कळलं.

ठोके कधीच चुकले होते. ट्रेत बघितलं तर कागद डेव्हलपरमध्ये तसाच पडलेला. ती सांगत होती तेवढा वेळ तो गडद होत गेला होता. सावलीत बसलेल्या माणसासारखी अम्मा त्यात अजून होती, डोळे तेवढे कळत होते. हायपोची ट्रे एक हात लांब होती. मी चिमटा खाली ठेवला आणि दाराची कडी काढली.

उजेड आत आला. आम्ही दोघांनी बघितलं. फार वेळ लागला नाही.

"तुझं काम वाया गेलं रं," ती म्हणाली.

मी नाही म्हणालो. मग तिला विचारलं, की त्या दिवशी अंगणात तू कॅमेऱ्याकडे बघितलंस ते का? तिनं पदरानं तोंड पुसलं. "त्या डब्याकडं कशाला बगू? तू आलास म्हनून बगितलं."

तिला एक गोष्ट माहीत नव्हती, आणि मी सांगितली नाही. निगेटिव्ह शाबूत होतं. त्यावरून हवे तेवढे फोटो निघाले असते. मोटार सुटताना तिनं खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या तोंडावरून फिरवला आणि तपकिरी नखं बघून, हा काय रोग लावून घेतलास, असं विचारलं. पुढच्या थंडीत ती गेली. निरोप मिळाला, मोटार मिळाली, घाटात बंद पडली. या वेळीही मातीवरचं पाणी वाळलं नव्हतं.

तिचा चाळिसावा दिवस झाल्यावर नगरला येऊन मी भर दिवसा अंधाऱ्या खोलीत गेलो आणि दार लावून घेतलं. निगेटिव्ह काढलं, कागद लावला, डेव्हलपरमध्ये सोडला. ती आली. आधी ओठ, मग पदर, मग डोळे. चाळीस ठोके मी बघत राहिलो. मग पुढचे चाळीस. हात दोनदा हायपोकडे गेला आणि दोनदा मागे आला. अडवायला कोणी नव्हतं, म्हणूनच ते जास्त अवघड होतं. शेवटी मी दार उघडलं.

तेव्हापासून वर्षातून एकदा, थंडीत, मी तेवढं करतो. मास्तर गेले, दुकान माझं झालं, पुढं ते मी बंदही केलं, मागची अंधारी खोली तेवढी ठेवली. माझ्या घरात आता माणसं आहेत, पण त्या खोलीत मी एकटाच जातो. निगेटिव्ह तेच आहे, तरी दर खेपेला ती वेगळी दिसते. कधी कागद जुना असतो, कधी औषध गार, कधी माझे ठोके चुकतात. एका वर्षी तर ती हसतेय असं वाटलं. अब्बा मात्र पुन्हा कधी गेले नाहीत.

बायको एकदा दारात उभी राहून म्हणाली, की शेवटी काळाच करायचा असतो तर तिसरी ट्रे कशाला भरता? मी म्हणालो, सवय. तिला पटलं नाही आणि मलाही पटलं नाही. खरं म्हणजे हायपो मी दर वेळी ताजा करून ठेवतो, अगदी हाताशी. अम्मा त्या कागदातून माझ्याकडे बघते तेव्हा मीही तिच्याकडे बघत राहतो. न जाणो, एखाद्या वर्षी ती म्हणेल, घाल आता.